कुरामोचींचा पांढरा

हिसाए कुरामोचीच्या नाकावर राग असतो हे ओकुतानीच्या बाजारगल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या वसंतात तो राग दुकानाच्या दारात येऊन बसला आणि उठायचं नाव घेईना. निमित्त होतं एका पाटीचं. तिच्या मुलीने, मिनाकोने, फोटो स्टुडिओच्या दारात लाकडी पाटी उभी केली आणि वर रंगाने लिहिलं, ‘आजीच्या काळातला रविवार’. खाली नमुन्याचे फोटो चिकटवले. सगळे पिवळे, तांबूस, चहात बुडवून वाळत घातल्यासारखे. हिसाए सकाळी शटर वर केलं की आधी ती पाटी आत आणून भिंतीकडे तोंड करून ठेवायची. मिनाको चहा पिऊन खाली आली की तीच पाटी उचलून परत बाहेर ठेवायची. यावर आता दोघींत भांडणही होत नसे, कारण जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

मिनाको फुकुओकाहून परत आली होती. लग्न मोडलं होतं, आणि सामानात दोन बॅगा आणि एक छोटा डिजिटल कॅमेरा एवढंच होतं. तिची करामत त्या कॅमेऱ्यात होती. फोटो काढून मग संगणकावर त्याला रंगवत बसायचं नाही. बटण दाबायच्या आधीच कॅमेऱ्याला सगळं सांगून ठेवायचं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला म्हणायचं ते, लालकडे सरकवायचा, निळा काढून घ्यायचा, रंगांचा जोर उतरवायचा, लख्ख उजेड मऊ करायचा, सावल्या जरा वर उचलायच्या म्हणजे काळा काळा राहत नाही, आणि या सगळ्यावर जुन्या फिल्मचे असतात तसे दाणे पेरायचे. जुळलं की कॅमेऱ्यातच नाव देऊन साठवून ठेवायचं. मग समोर काहीही उभं करा, बाहेर पडतो तो फोटो जन्मतःच पन्नास वर्षांचा.

एका डब्याच्या गाडीने शहरातल्या मुली यायच्या. बंद पडलेल्या दुकानांसमोर, सार्वजनिक न्हाणीघराच्या फरशीच्या भिंतीपुढे उभ्या राहायच्या, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला बघून म्हणायच्या, किती उबदार दिसतंय ना. हा ‘उबदार’ शब्द कानावर पडला की हिसाएच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

“कसली ऊब?” एकदा तिने मुली गेल्यावर मिनाकोला धरलं. “रॉकेलची एक शेगडी या गल्लीत तीन घरांत फिरायची. माझ्या हातापायाला हिवाळाभर भेगा असायच्या. त्यातला कुठला रविवार पिवळा होता तेवढं सांग मला.”

“आई, त्या इतिहास शिकायला येत नाहीत,” मिनाको शांतपणे म्हणाली. “छान वाटतं म्हणून येतात. आणि दुकानाचं विजेचं बिल सध्या त्या छान वाटण्यावरच चाललंय.”

ते खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. राग येण्यासारखंच होतं ते. ज्या गावाने आयुष्यभर काळ्याशी झुंज दिली, त्या गावाचा पांढरा पिवळा करून तोच आता गोड म्हणून विकायचा, याला काय म्हणावं?

ओकुतानी कोळशाचं गाव होतं. खाणीच्या कचऱ्याची काळी टेकडी आता झाडांनी झाकली आहे आणि परगावची माणसं तिला डोंगर समजतात. पण हिसाएच्या लहानपणी तिच्यावरून वारा आला की दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागायचे. भातावर झाकण ठेवायला एक मिनिट उशीर झाला तर भातही काळा. अशा गावात फोटो काढायचा दिवस म्हणजे बायकांची परीक्षा असे. नवऱ्याचा सदरा धुवायचा, पेज घालून कडक करायचा, पोरांना वर्तमानपत्रावर बसवून ठेवायचं, आणि मग सगळ्यांनी अंग चोरत, कशालाही न शिवता स्टुडिओपर्यंत चालत यायचं. फोटोत गावाकडच्या आजी-आजोबांना दिसायला हवं होतं की आम्ही खाणीत असलो तरी माणसांसारखे राहतो.

त्यांची ती मेहनत कागदावर उतरवायचं काम हिसाएच्या वडिलांचं, एइकिचींचं. सदऱ्याचा पांढरा पांढराच आला पाहिजे हा त्यांचा एकच हट्ट. फोटो वाहत्या पाण्यात इतरांच्या दुप्पट वेळ धुवायचे. त्यात थंडीत त्यांची बोटं फुटायची. वाळला की शेजारी कोरा कागद ठेवून बघायचे. जरा जरी डाग, जरा जरी पिवळसर झाक दिसली तर फोटो फाडून नवा करायचा. लोक म्हणायचे, कॉलर बघायची तर कुरामोचींकडची बघा.

मग रंगीत फोटो आले, आणि त्या काळच्या रंगीत कागदाने त्यांचा घात केला. पाच-दहा वर्षांत त्यातला निळा उडायचा आणि उरलेलं सगळं तांबडं-पिवळं होत जायचं. सगळ्या जपानात तेच होत होतं, पण एइकिचींना सगळ्या जपानाशी काय करायचं होतं? त्यांच्या हातचे सदरे लोकांच्या भिंतींवर पिवळे पडत होते. कुणी तक्रार केली नाही. कुणी काही बोललंच नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. शेवटी त्यांनी जपून ठेवलेल्या निगेटिव्ह काढल्या, स्वतःच्या खर्चाने नवे फोटो केले आणि कापडात गुंडाळून घरोघरी जायला लागले. दारात उभं राहायचं, कमरेत वाकायचं, माफी मागायची आणि फोटो पुढे करायचा. लोकही वाकायचे, म्हणायचे, कशाला एवढी तसदी, आणि दोन्ही हातांनी घ्यायचे.

एका घराने घेतला नाही. खाणकामगार शिगेमात्सू यासुनागाच्या विधवेने, तोमीने, कापड उलगडून फोटो पाहिला, पुन्हा गुंडाळला आणि वाकून परत केला. मग दार सरकवलं. माफीबरोबर आणलेली वस्तू परत करणं म्हणजे माफीच परत करणं, हे ओकुतानीत शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवशी एइकिची घरी आले ते जेवले नाहीत. पुढे कुणाच्याही दारात गेले नाहीत, रंगीत काम बंद केलं, आणि तिसऱ्या वर्षी गेले. यासुनागांनी माफ केलं नाही, हे त्यांनी दवाखान्यातही दोनदा म्हटलं. हिसाए तेव्हा पंचविशीत होती. तेव्हापासून ती तोमीला रस्त्यात भेटली की रीतीप्रमाणे वाकायची, हवापाण्याचं बोलायची, आणि मनातल्या मनात दात खायची.

तीच तोमी, पंच्याऐंशी वर्षांची, म्हाताऱ्यांची चाकाची गाडी ढकलत एप्रिलमधल्या एका दुपारी दुकानात आली. धाप टाकत खुर्चीवर बसली आणि म्हणाली की मरणाचा फोटो काढून ठेवायचा आहे, हातपाय धड आहेत तोवर. त्यात नवल काही नव्हतं. गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्या आपल्या अंत्यविधीचा आणि मग भिंतीवर लावायचा फोटो आधी काढून कपाटात ठेवतात. मुलांवर सोडलं तर ती सहलीच्या फोटोतलं मुंडकं कापून लावतात, अशी त्यांना रास्त भीती असते. हिसाएने विचारलं, पाठीमागे निळा पडदा हवा की करडा. तोमीने बोट केलं ते दारातल्या पाटीकडे.

“तसला,” ती म्हणाली. “तांबूस.”

हिसाएला वाटलं म्हातारी चेष्टा करते आहे. मग वाटलं, करत नसली तर आणखीच वाईट. तिने जमेल तेवढ्या मऊ आवाजात सांगितलं की तो शहरातल्या मुलींचा खेळ आहे, हा फोटो पितरांच्या देव्हाऱ्यावर लागायचा, त्यात चेहरा काविळीचा दिसेल.

“दिसू दे,” तोमी म्हणाली. “शिगेमात्सूच्या शेजारी लागायचाय मला. तो एवढा लाल झालाय, आणि मी तिथे पांढरीफटक? एका घरची दिसू का आम्ही?”

मिनाको लगबगीने पुढे आली, म्हणाली, आजी, आपण बघू, करू. ‘तो एवढा लाल झालाय’ हे वाक्य हिसाएच्याच दुकानात, तिच्याच वडिलांच्या खुर्चीत बसून त्या बाईने म्हटलं होतं. माफी नाकारायची, आणि चाळीस वर्षांनी येऊन डागाला डाग जुळवून मागायचा! तिने तोमीला पुढच्या आठवड्यात या असं सांगून पाठवलं आणि ती गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत माळ्यावर चढली.

एइकिचींनी निगेटिव्हवर घराची नावं लिहून ठेवली होती, त्यामुळे यासुनागा सापडायला वेळ लागला नाही. शिगेमात्सूच्या शेवटच्या नववर्षाच्या कौटुंबिक फोटोतून चेहरा घेतलेला, आणि खाली कुलचिन्हाचा काळा किमोनो जोडलेला. तेव्हाची पद्धतच ती होती. किमोनो एइकिचींचा स्वतःचा. गल्लीतल्या निम्म्या घरांत मेलेले नवरे त्याच एका किमोनोत बसले आहेत. हिसाएने तो फोटो नव्याने केला. चेहऱ्याचा रंग नीट आणला, किमोनोची आतली कॉलर अशी पांढरी आणली की बाबांनी शेजारी कोरा कागद धरला असता तर मान डोलावली असती. आता हा कागद शंभर वर्षं टिकणार होता.

“तिने मागितलाय का?” मिनाकोने विचारलं.

“मागायचं काय त्यात,” हिसाए कापडाची गाठ मारत म्हणाली. “आता कशी परत करते बघते.”

ती तोमीच्या घरी गेली तेव्हा तोमी मोहरीच्या पाल्याचं लोणचं चिरत होती. हात धुऊन तिने पाहुणीला आतल्या खोलीत बसवलं, चहा ठेवला. दारावरच्या आडव्या पट्टीवर शिगेमात्सूचा फोटो होता, आणि तो पाहून हिसाएला खरोखर लाज वाटली. सगळा नारिंगी. काळा किमोनो विटेच्या रंगाचा झालेला, कॉलर भोपळ्याची. तिने पालथ्या मांडीवर बसून चटईला कपाळ टेकवलं, वडिलांच्या वतीने माफी मागितली आणि कापड उलगडून नवा फोटो पुढे सरकवला.

तोमीने चष्मा लावला आणि फोटो डोळ्यांजवळ धरला.

“हा पोरगा कोण म्हणायचा?” ती म्हणाली. “हिसाए-चान, हा त्रेचाळीसचा आहे. याच्या शेजारी मला टांगलीस तर आल्यागेल्याला वाटेल, मुलगा आधी गेला बिचारीचा.”

“फोटो खरा आहे,” हिसाए ताठ आवाजात म्हणाली. “ते असेच दिसायचे.”

“असाच दिसायचा. ओठ बघ ना.”

हिसाएने पाहिलं. रंग बरोबर आणायच्या नादात तिने ते पाहिलंच नव्हतं. ओठ निळे होते. नाकपुड्यांच्या कडाही. कोळशाची धूळ छातीत साठून माणूस गुदमरत जातो तेव्हा होतात तसे, गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर तिने लहानपणी शंभरदा पाहिलेले.

तोमी वरच्या फोटोकडे बघत सांगत राहिली. शिगेमात्सू गेला तेव्हा भिंतीवर तो तसाच निळा लागला होता. सकाळी भाताची वाटी देव्हाऱ्यात ठेवायला गेलं की आधी ओठ दिसायचे. मग वर्षं गेली तसा फोटोतला निळा कमी होत गेला. आधी ओठ बरे झाले, मग गालांवर लाली आली. बरा होत चाललाय म्हणून ती रोज बघायची. पुढे तो आणखी तांबडा झाला, तिचे केस पांढरे झाले, आणि दोघं मिळून म्हातारी झाली.

“आणि तो बरा होत होता तेव्हाच एक दिवस तुझे बाबा त्याला पुन्हा निळा करून घेऊन आले,” ती म्हणाली. “मला माहीत नव्हतं का तो निळा होता? रात्रभर उशाशी मीच बसायचे. ते मला फोटोने सांगायला नको.”

हिसाएला जे सुचलं ते तिने गिळलं नाही.

“हे त्यांना का नाही सांगितलंत?”

“दारात उभ्या परक्या पुरुषाला नवऱ्याच्या ओठांचं काय सांगू? मी तेव्हा पन्नाशीचीही नव्हते. आणि मला काय ठाऊक ते मनाला लावून घेतील. मला वाटलं, फोटोवाला माणूस, कळलं असेल त्यांना.”

“कळलं नाही,” हिसाए म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. त्या गल्लीत पंच्याऐंशी वर्षांच्या बाईसमोर तिच्याच घरात कुणी असा आवाज काढत नाही. “काही कळलं नाही त्यांना. तुम्ही माफ केलं नाही असं म्हणत गेले ते. मरतानाही तेच. आणि मी इतकी वर्षं तुम्हाला वाकून नमस्कार केला आणि मनात शिव्या दिल्या. एक वाक्य, तोमी-सान. एक वाक्य बोलायला तुमचं काय जात होतं? आणि त्यांना तरी काय झालं होतं विचारायला? सगळे नुसते वाकतात. या गावात माणसं वाकून वाकून मेली, पण कुणी तोंड उघडलं नाही.”

तोमीचे हात मांडीवर होते, ते तिने आणखी घट्ट धरले. मुलं जशी रागावलेल्या बाईंकडे बघतात तशी ती बघत होती.

“फोटो काढीन मी तुमचा,” हिसाए उठताना म्हणाली. “हवा तसा काढीन. पण आधी आमच्या घरी या आणि हे बाबांना सांगा. जसं मला सांगितलंत तसं. ओठांसकट.”

नवा फोटो तिने परत कापडात बांधला. तोमीने तो ठेवून जा म्हटलं नाही, तिने ठेवलाही नाही.

घरी आल्यावर मिनाकोने सगळं ऐकून डोक्याला हात लावला. पंच्याऐंशीच्या बाईला आपल्या जिन्यावरून वर चढवणार, आई, तू? वाटेत काही झालं म्हणजे? हिसाए म्हणाली, बाबा तिच्या घरचा चढ चढून गेले होते तेव्हा त्यांचेही गुडघे दुखत होते. रात्री मात्र तिला स्वतःचीच चीड यायला लागली. मेलेल्या माणसाला सांगून काय होतं? त्याला ऐकू जात असतं तर इतक्या वर्षांच्या अगरबत्त्यांत कधीच गेलं असतं. पण शब्द मागे घेणं कुरामोचींच्या रक्तात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या सुमारास तोमी आली. करडा किमोनो, केस विंचरून मागे घट्ट बांधलेले, आणि गळ्याशी आतली पांढरी कॉलर. ती तिने आदल्या दिवशी धुऊन, पेज घालून, इस्त्री करून किमोनोला स्वतः टाचली होती, टाके तिरके पडले होते. गाडीत नवऱ्याचा फोटो होता, टॉवेलात गुंडाळलेला. मिनाको आधार द्यायला धावली तर तिने नको म्हटलं आणि जिना हात टेकत, एकेका पायरीवर बसत चढली. वर देव्हाऱ्यासमोर तिला गुडघे मोडता येईनात, तेव्हा मिनाकोने स्टूल आणलं.

तिने अगरबत्ती लावली, घंटा वाजवली, हात जोडले. हिसाए दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

“एइकिची-सान,” तोमी मोठ्याने म्हणाली, कारण तिला कमी ऐकू यायचं आणि तिला वाटायचं इतरांनाही तसंच असेल. “फोटो चांगला होता. दोन्ही चांगले होते. मला त्याचे निळे ओठ बघवत नव्हते, एवढंच होतं. तुमच्यावर राग नव्हता. सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही.”

ती स्टुलावरच जमेल तेवढी वाकली आणि तशीच राहिली.

हिसाएला वाटलं होतं की आता राग उतरेल. तो उतरला नाही. फक्त इतके दिवस त्याला तोमीचं तोंड होतं, ते आता राहिलं नाही. समोर उरले ते वडील, तो एक शब्द ऐकायच्या आधी गेलेले, आणि त्यांच्यावर रागावून काही उपयोग नव्हता. मिनाको मागे नाक ओढत होती. हिसाएने तिला सांगितलं की रडायचं तर नंतर रड, आधी तुझा तो कॅमेरा आण.

खाली खिडकीजवळ तिने तोमीला बसवलं आणि शिगेमात्सूचा फोटो तिच्या खांद्याच्या उंचीवर स्टँडला उभा केला. मिनाकोच्या साठवलेल्या रविवारात तोमीला बघितलं तर ते साफ चुकलं. तो रंग लाडिक होता, बिस्किटाच्या डब्यावरचा. शिगेमात्सूचा तांबडा त्याहून जुना आणि खरा होता, वर्षावर्षांनी आलेला. हिसाएने मिनाकोच्या हातातून कॅमेरा घेतला, कुठलं बटण कशाचं ते तिला एकदाच विचारलं, आणि स्वतः जुळवायला बसली. लाल वाढवला. निळा जवळजवळ सगळा काढला. सावल्या उचलल्या, किमोनोचा करडा विटेकडे झुकेपर्यंत. दाणे मात्र मऊ ठेवले, म्हाताऱ्या कातडीवर ते जाड बसतात. दर वेळी एक फोटो काढायचा, पडद्यावरचा रंग शिगेमात्सूच्या गालाशी लावून बघायचा, मान हलवायची आणि पुन्हा सरकवायचं. आयुष्यभर शिकलेलं सगळं ती उलट्या बाजूने करत होती, आणि करताना तिचा जबडा आवळलेला होता.

“दिसतो का आम्ही एका घरची?” तोमीने विचारलं.

“बोलू नका. ओठ हलतात.”

मग एकदा पडद्यावरची तोमी आणि स्टँडवरचा शिगेमात्सू बरोबर जुळली. त्याच्या गालाची लाली तिच्या गालावर होती. डोळे मिटून उघडले तर कुणालाही वाटलं असतं की दोन्ही फोटो एकाच दिवशी एकाच भिंतीवर लागले आणि बरोबर जुने झाले. फक्त खाली, गळ्याशी, तोमीने धुऊन पेज घालून आणलेली कॉलर चहाच्या रंगाची दिसत होती.

हिसाएचा अंगठा बटणाजवळ थांबला. मिनाकोने आईकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं की कॉलर तेवढी पांढरी ठेवता येईल, नंतर संगणकावर.

“नाही,” हिसाए म्हणाली. “त्याची तरी कुठे राहिलीय.”

तिने लाल आणखी एक घर वाढवला, तोमीला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितलं आणि फोटो काढला.